पाणी आल्तं

नववीतल्या एका मुलीची इंग्रजीची वही माझ्यापुढं होती. निबंधाचा विषय 'माझं गाव'. पहिल्या पाच-सहा ओळींतच 'हॅड'ची रांग लागलेली. 'वॉटर हॅड कम टू अवर वेल.' 'माय फादर हॅड गॉन टू कट शुगरकेन.' 'माय ग्रँडमदर हॅड ईटन मिलो.' मी लाल पेनानं सगळे 'हॅड' खोडले, वर 'केम', 'वेंट', 'एट' लिहिलं आणि समासात नेहमीची सूचना टाकली: एकच घटना सांगताना साधा भूतकाळ वापरावा. ही सूचना मी शेकडो वह्यांत लिहिली असेल.

मधल्या सुट्टीत ती वही घेऊन आली. नियम तिला पाठ होता. दोन गोष्टी घडल्या असतील तर आधी घडलेल्या गोष्टीला 'हॅड' लावायचं, हे तिनं घडाघडा म्हणून दाखवलं. मग म्हणाली, "पण सर, हिरीला पाणी आल्तं. आता न्हाई. नुसतं 'केम' लिव्हलं तर पाणी आलंय, हाय, असं न्हाई का व्हायचं?"

मी तिला तेव्हा काहीतरी उत्तर दिलं. ते उत्तर बरोबर होतं, पण तिच्या प्रश्नाचं नव्हतं. बीड जिल्ह्यातल्या शाळेत वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवताना मी जो 'हॅड' खोडत आलो, तो इंग्रजीतला 'हॅड' नव्हताच. तो आमचा 'होता' होता, परक्या कपड्यांतला.

मराठीत 'पाणी आलं' आणि 'पाणी आलं होतं' यांत अंतर केवढं आहे ते बघा. बाहेरून घरी आलो आणि ओट्यावर चहाच्या कपबशा दिसल्या, की आपण विचारतो, "कोण आलं होतं?" "कोण आलं?" असं नाही विचारत. कारण आलेलं माणूस आता घरात नाही. दार सताड उघडं दिसलं तर "दार कुणी उघडलं?" दार लावलेलं आहे, पण कडी वेगळ्या बाजूला सरकलेली आहे, तर "दार कुणी उघडलं होतं?" आधी कोणती घटना घडली आणि नंतर कोणती, हा इथं मुद्दाच नाही. जे घडलं त्याचा परिणाम अजून शिल्लक आहे की मिटला, एवढंच 'होतं' सांगतं. दुसरी घटना लागतेच, पण ती वाक्यात नसते. बोलणारा आणि ऐकणारा जिथं उभे आहेत ती जागा, ती वेळ, हीच दुसरी घटना. हिरीला पाणी आल्तं, आणि आपण आत्ता कोरड्या हिरीच्या कडेला उभे आहोत.

इंग्रजीला हे चालत नाही. तिला भूतकाळात दोन खुंट्या ठोकून लागतात, एक अलीकडं आणि एक पलीकडं. पलीकडच्या खुंटीला 'हॅड' बांधायचा. अलीकडची खुंटी नसेल तर 'हॅड' लोंबकळत राहतो आणि मास्तर तो खोडतो. आपल्याकडची माणसं इंग्रजी बोलताना 'हॅड' सढळ हातानं वापरतात, 'काल कुठं गेला होतास?' याचं 'व्हेअर हॅड यू गॉन यस्टर्डे?' करतात, हे भारतीय इंग्रजीचा अभ्यास करणाऱ्यांनीही नोंदवलं आहे. चूक म्हणून नोंदवलं आहे, ते ठीक. पण ही चूक आळसातून होत नाही. मराठी माणसाला, हिंदी माणसालाही, गेलेली गोष्ट गेली असं सांगायचं असतं आणि इंग्रजीचा साधा भूतकाळ त्याला त्यासाठी अपुरा वाटतो.

आता त्या मुलीच्या तोंडचा शब्द: 'आल्तं'. पुण्याच्या बाजूचा माणूस 'आलं होतं' हे दोन शब्दांत म्हणतो. मराठवाड्यात त्याचा एकच शब्द झाला आहे. गेल्तो, आल्ता, केल्तं, दिल्तं, सांगितल्तं, जेवल्ते. 'होता'मधला 'हो' गळाला आणि उरलेला 'ता' मागच्या क्रियापदाला चिकटला. शिष्ट भाषेचा कान असलेले याला गावठी म्हणतात. मला हा शब्द फार मोलाचा वाटतो. मागच्या हजार-दीड हजार वर्षांत आपल्या भाषेत जे घडत आलं, त्याचाच हा पुढचा टप्पा आहे, आणि तो आपल्या डोळ्यांदेखत घडतो आहे.

संस्कृतात भूतकाळाची तीन वेगळी रूपं होती. पाणिनीनं ती कशी विभागली हे वाचलं तेव्हा मी थक्क झालो. आजच्या दिवसाआधी घडलेलं वेगळं, आणि बोलणाऱ्यानं स्वतः पाहिलेलं नाही असं, परोक्ष, ते वेगळं. म्हणजे 'तू हे डोळ्यांनी पाहिलंस का?' हा प्रश्न क्रियापदातच गुंफलेला. पुढं प्राकृतांत ही तिन्ही रूपं झिजली. 'अगच्छत्' गेलं, 'अगमत्' गेलं, 'जगाम'ही गेलं. हाती राहिली ती धातुसाधितं: 'गत' म्हणजे गेलेला, 'कृत' म्हणजे केलेलं. त्यांना प्राकृतातला 'इल्ल' जोडला गेला आणि त्यातून आपले 'गेला' आणि 'केला' आले. मराठीचा सगळा भूतकाळ या 'ल'वर उभा आहे. हा 'ल'ही कधीकाळी असाच मागून येऊन चिकटलेला होता. आज 'गेला'मध्ये तो वेगळा ओळखू येत नाही. 'गेल्ता'मधला 'ता' त्याच वाटेनं चालला आहे.

आणि 'होता'? तो 'भू' धातूचा. 'भू'चं प्राकृतात 'हो' झालं, आणि 'भवन्त्' म्हणजे 'असणारा', 'होत असलेला', त्याचं 'होंत'. त्यावरून आपला 'होता'. म्हणजे 'करता', 'जाता', 'येता' यांच्याच घरातला हा शब्द. मुळात तो भूतकाळाचा नव्हताच. चालू असलेलं, होत असलेलं, असा त्याचा अर्थ. पुढं तोच शब्द संपलेल्याची खूण झाला. त्याच 'भू'पासून 'भूत' हा शब्द, आणि म्हणून 'भूतकाळ'. गावाबाहेरच्या पिंपळावरचं भूतही तेच: जो होऊन गेला तो. 'भूतकाळ' आणि 'होता' हे सख्खे भाऊ आहेत, एक संस्कृतात राहिला आणि एक शेतात आला.

याच घराण्याची एक शाखा इंग्रजीतही आहे. इंग्रजीतलं 'बी' आणि 'बीन' हे आपल्या 'भू'चेच नातलग, एकाच आदिम धातूपासून निघालेले. तेव्हा 'हॅड बीन' या जोडीत 'बीन' आपलं ओळखीचं आहे. आणि 'वॉज' आपल्या 'वस्'चा, म्हणजे राहणं, मुक्काम करणं या अर्थाच्या धातूचा नातलग आहे. आपली 'वस्ती', 'वसती', 'वसाहत' ज्या 'वस्'मधून आली तोच. इंग्रज माणूस 'देअर वॉज अ व्हिलेज' म्हणतो तेव्हा त्याच्याही नकळत तिथं कुणीतरी वस्ती करून होतं.

परका आहे तो 'हॅड'. तो 'हॅव'चा भूतकाळ, आणि 'हॅव'च्या मुळाशी पकडणं, धरणं, हातात असणं आहे. जुन्या इंग्रजीत 'माझ्यापाशी लिहिलेलं पत्र आहे' अशा धाटणीचं वाक्य होतं. मालकी पत्राची, आणि 'लिहिलेलं' हे पत्राचं विशेषण. त्या काळी ते विशेषण कधी कधी कर्माप्रमाणे बदलायचंही, जसं आपल्याकडं 'पत्र लिहिलं', 'चिठ्ठी लिहिली'. हळूहळू त्यातला मालकीचा अर्थ विरला आणि 'मी पत्र लिहिलं आहे' हा अर्थ उरला. त्याचा भूतकाळ म्हणजे हा 'हॅड'. पुरी झालेली गोष्ट इंग्रजीनं मुठीत धरली.

मराठीत 'हॅव' नाही. पैसे माझ्याकडं असतात, मुलं मला असतात, कर्ज अंगावर असतं. कशाचीच मालकी क्रियापदानं सांगता येत नाही. वस्तू आपापल्या जागी असतात, आपण त्यांच्या जवळ किंवा खाली असतो. म्हणून आपण 'मी पत्र लिहिलं होतं' म्हणतो तेव्हा क्रियापद माझं ऐकतच नाही, ते पत्राचं ऐकतं. आमच्याकडची म्हातारी माणसं 'म्या सांगितल्तं' म्हणतात. हा 'म्या' म्हणजे संस्कृत 'मया', माझ्याकडून. शाळेत आम्ही 'म्या' खोडतो आणि 'मी' लिहायला लावतो. पण 'मी सांगितलं' या वाक्यात क्रियापद 'मी'प्रमाणे का चालत नाही, हे कोडं 'म्या'शिवाय सुटत नाही.

या रूपाला नाव काय द्यायचं, हाही एक इतिहास आहे. शाळेत आपण 'पूर्ण भूतकाळ' म्हणतो. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' १८३६ साली निघालं, आणि इंग्रजी व्याकरणाचा साचा समोर ठेवून मराठीकडं बघायची वहिवाट तेव्हापासून पडली. इंग्रजीतला 'पर्फेक्ट' लॅटिनमधून आलेला, अर्थ 'पुरं केलेलं'. लॅटिन वैयाकरण तर 'गेला होता' या काळाला 'पूर्णाहून अधिक' म्हणायचे. मोरो केशव दामल्यांच्या १९११च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त काळाच्या नावांऐवजी प्रत्ययांवरून पाडलेली नावं भेटतात, ताख्यात, लाख्यात, ईआख्यात. विद्यार्थ्यांना ती बोजड वाटतात, पण त्यांत प्रामाणिकपणा आहे, कारण मराठीचं एकच रूप वेगवेगळ्या काळांची कामं करतं.

पण बीडमध्ये आणखी एक नाव शिकवलं जात होतं, ते आता विसरलं गेलं आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. दरबाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचं माध्यमच उर्दू होतं. त्या पिढीतली वरच्या वर्गांत गेलेली मराठी मुलं व्याकरण उर्दूतून शिकली. उर्दूत भूतकाळ म्हणजे 'माज़ी'. 'गया है' तो 'माज़ी क़रीब', जवळचा. 'गया था' तो 'माज़ी बईद', दूरचा. इंग्रजी क्रम बघते, उर्दू व्याकरण अंतर मोजतं. 'आलं होतं' म्हणजे 'दूरचं', हे नाव मला 'पूर्ण'पेक्षा जास्त पटतं. आपल्या ओटीवरून लांब गेलेलं, हात पुरत नाही इतकं.

'माज़ी बईद' गेलं, पण त्यातला 'माज़ी' अख्ख्या महाराष्ट्रात राहिला. 'माजी आमदार', 'माजी सरपंच', 'माजी विद्यार्थी' हा 'माजी' तोच, अरबीतून फारसी-उर्दूच्या मार्गानं आलेला, 'होऊन गेलेला' या अर्थाचा. 'आजी-माजी' या जोडीत 'आजी' आपल्या 'आज'चा आणि 'माजी' अरबांचा, आणि दोघं सत्काराच्या पत्रिकेत शेजारी शेजारी बसतात.

चालू गोष्टीचा 'होता' संपलेल्याची खूण झाला; काळांची ही अदलाबदल किती खोल आहे ते बघायचं तर अंबाजोगाईला जावं. मोमिनाबाद म्हणायचे त्याला निजामाच्या काळात. गावाबाहेर डोंगराच्या कपारीत मुकुंदराजांची समाधी आहे. त्यांचा 'विवेकसिंधु' शके १११०चा, म्हणजे ११८८ सालचा, असं परंपरा मानते. त्या काळच्या मराठीत 'करी' म्हणजे 'करतो', 'जाई' म्हणजे 'जातो', 'असे' म्हणजे 'आहे'. संस्कृतातल्या वर्तमानकाळाची ही थेट वारस रूपं. आज 'आजी पहाटे उठून दळण करी' असं म्हटलं तर ऐकणाऱ्याला कळतं की आजी आता नाही, किंवा जातं तरी नाही. तेच शब्द, पण जे 'आत्ता'चं होतं ते 'पूर्वी'चं झालं. 'करतो', 'जातो' ही नवी रूपं वर्तमानाच्या जागेवर येऊन बसली आणि जुन्यांना उठून मागं जावं लागलं. पूर्वीची सवय, पूर्वीची रीत सांगणं, एवढंच काम त्यांच्याकडं उरलं.

काही कोपऱ्यांत मात्र ती जुन्या जागेवर अजून बसून आहेत. 'दाम करी काम' या म्हणीत 'करी' म्हणजे करायचा नव्हे, करतो. 'जे न देखे रवि' मधला 'देखे'ही तसाच. आणि नकारात तर हा जुना वर्तमान अजून रोजच्या वापरात आहे: पोरगं ऐकेना, पाऊस पडेना, हिरीला पाणी लागेना. 'पाणी लागे' म्हटलं की ती पूर्वीची गोष्ट होते, आणि 'पाणी लागेना' ही आत्ताची. आठशे वर्षांपूर्वीचा वर्तमानकाळ आमच्या रोजच्या बोलण्यात आज फक्त नन्नाच्या पाढ्यात जिवंत राहिला आहे, आणि दुष्काळी जिल्ह्यात त्याला विश्रांती मिळत नाही.

त्या मुलीच्या निबंधातल्या दुसऱ्या वाक्याकडं येतो. 'माय फादर हॅड गॉन टू कट शुगरकेन.' दसरा-दिवाळीच्या सुमाराला आमची गावं रिकामी होतात. बीडचे ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांवर जातात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून आधी घेतलेली रक्कम म्हणजे 'उचल'. किती नेमका शब्द आहे हा. घेतात पैसे, पण उचलतात ओझं. थंडीत पहाटे उठून तोडायचं, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची, आणि उचल फेडायची. कारखान्याचा हंगाम संपला की उन्हाळ्याच्या तोंडाशी माघारी.

त्या हिशेबात 'ती' या एका अक्षराला किती किंमत आहे, ते मी पालकांशी बोलताना ऐकलं. "उचल घेतलीय" असं कुणी म्हणालं तर ती अजून अंगावर आहे. "उचल घेतल्ती" म्हणालं तर ऐकणारा समजतो की फिटली. फिटली नसेल तर बोलणारा तिथं थांबूच शकत नाही, त्याला 'पण' म्हणून पुढं जावं लागतं: "घेतल्ती, पण फिटली न्हाई." 'घेतलीय' आणि 'घेतल्ती' यांच्यामध्ये पाच-सहा महिन्यांचा ऊस उभा असतो. इंग्रजीत 'हॅड टेकन' म्हटल्यानं यातलं काही कळत नाही. कर्ज घेतलं ही गोष्ट आणखी कशाच्या तरी आधी घडली, एवढंच कळतं.

आणि 'मिलो'. तिची आजी बहात्तरच्या दुष्काळाबद्दल बोलायची. तेव्हा परदेशातून आलेली तांबडी ज्वारी लोकांनी खाल्ली, तिला मिलो म्हणायचे. खडी फोडण्याच्या, नालाबंडिंगच्या कामावर सुकडी मिळायची. "आमी मिलो खाल्ती," आजी म्हणाली असणार, आणि नातीनं ते जसंच्या तसं इंग्रजीत नेलं. मी तिथं 'एट' लिहिलं. इंग्रजीच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे. पण आजीच्या 'खाल्ती'मध्ये 'आता तशी वेळ नाही, आता घरची ज्वारी आहे' हे होतं, आणि 'हॅड'बरोबर मी तेही खोडलं होतं.

पुढच्या वर्षीपासून मी शिकवायची रीत बदलली. आधी मराठीतला 'होता' काय करतो ते मुलांकडूनच काढून घ्यायचो, कपबशा आणि दाराची कडी घेऊन. मग सांगायचो की इंग्रजीला हे काम 'हॅड'कडून करून घेता येत नाही. तिथं 'यूज्ड टू' आहे, 'नो लाँगर' आहे, किंवा सरळ दुसरं वाक्य जोडायचं, पाणी आलं आणि मग आटलं. मुलांना ते लवकर समजायचं. आपली भाषा चुकते म्हणून नव्हे, तर दोन भाषा वेगळ्या ठिकाणी बोट ठेवतात म्हणून 'हॅड' खोडला जातो, हे कळल्यावर लाल शाई त्यांना टोचायची नाही.

अडचण यायची ती उदाहरणाची. इंग्रजीच्या व्याकरणाच्या पुस्तकांत या काळासाठी एक वाक्य हटकून भेटतं: मी स्टेशनवर पोचण्याआधी गाडी सुटली होती. परळीच्या मुलांना ते चालायचं, परळीला निजामाच्या काळापासून रेल्वे आहे. पण बीड शहराला, जिल्ह्याच्या ठिकाणाला, रेल्वेच नव्हती. अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ साली मंजूर झाला आणि पुढची तीस वर्षं बीडकरांनी रेल्वेबद्दल फक्त भविष्यकाळ वापरला. येणार, येणार. मी फळ्यावर 'गाडी' पुसून 'एस.टी.' लिहायचो. चुकलेली एस.टी. प्रत्येकाच्या ओळखीची होती.

१७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडहून अहिल्यानगरला पहिली गाडी सुटली. स्टेशनाबाहेरच्या गर्दीत मी उभा होतो. गाडी दिसेनाशी झाल्यावर एक म्हातारे गृहस्थ नातवाचा हात धरून परत निघाले. वाटेत कुणीतरी विचारलं, "काय बप्पा, काय झालं?" ते म्हणाले, "गाडी आल्ती."

नातू थांबला. "आल्ती न्हाई, आली," तो म्हणाला. "परत येणार हाय ती."